ऑपरेशनच्या आधी काढे, चूर्णं आणि कॅप्सूल : भूलतज्ज्ञाला काय सांगायचं?

(वेरूळ येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी प्रश्नोत्तरांतला काही भाग दिला आहे.)



वेरूळला बोलायला यायचं म्हणून सकाळी जरा लवकर निघालो आणि आधी घृष्णेश्वराचं दर्शन घेतलं. पूजेच्या ताटात बेल होता आणि बेलाशेजारी धोतऱ्याचं फळ, ते हिरवं काटेरी. मी व्यवसायाने भूलतज्ज्ञ. धोतरा बघितला की मला माझा थिएटरमधला ट्रे आठवतो. ऑपरेशनच्या वेळी जी इंजेक्शनं मी हाताशी भरून ठेवतो त्यात एक असतं अ‍ॅट्रोपिन. हृदयाचे ठोके फार मंदावले तर ते द्यायचं. ते आणि त्याची भावंडं धोतऱ्यात असतात. मॉर्फीन अफूपासून आलं. स्नायू सैल करणारं पहिलं औषध आलं दक्षिण अमेरिकेतल्या शिकाऱ्यांच्या बाणाला लावायच्या क्युरारे नावाच्या वनस्पतीच्या विषापासून. म्हणजे माझा निम्मा धंदा झाडपाल्यावर उभा आहे. तेव्हा हा डॉक्टर आज जडीबुटीला नावं ठेवायला आलाय, असं कुणी समजू नका.

पण त्याच कारणाने, 'झाडपाल्याचं आहे, त्याला साइड इफेक्ट नसतो' हे वाक्य मला ऐकवत नाही. धोतऱ्याचं फळ कुणी चावून खाईल का? मग?

एक प्रसंग सांगतो. बरीच वर्षं झाली, गाव आणि दवाखाना सांगत नाही. अडुसष्ट वर्षांचे आजोबा, हर्नियाचं ऑपरेशन. मधुमेह होता, गोळ्या चालू होत्या. आदल्या दिवशी मी त्यांना तपासलं, विचारलं, 'आजोबा, औषधं कुठली चालू आहेत?' त्यांनी गोळ्यांची पाकिटं काढून दाखवली. मी सांगितलं, उद्या सकाळी साखरेची गोळी घ्यायची नाही, काही खायचं-प्यायचं नाही. ते हो म्हणाले. सकाळी टेबलावर घेतलं तर हाताला घाम, बोलणं जरा तुटक. बोट टोचून साखर बघितली, ५४. ग्लुकोज लावलं, ऑपरेशन पुढं ढकललं, आजोबा दहा मिनिटांत तरतरीत झाले. मग मी विचारलं, 'गोळी घेतली का?' म्हणाले, 'न्हाई हो. फक्त पहाटं कारल्याचा रस अन् गुडमारचं चूर्ण घेतलं, रोजच्यासारखं. तुम्ही गोळी बंद ठेवा म्हणले होते. ते काही गोळी न्हाई ना.'

आता चूक कुणाची? मी पुष्कळ दिवस आजोबांची मानत होतो. नंतर लक्षात आलं, प्रश्न माझा चुकला होता. मी 'औषध' विचारलं, त्यांनी औषधाचं उत्तर दिलं. कारल्याचा रस त्यांच्या हिशेबात औषध नव्हताच. नुसत्या कारल्याने साखर एवढी उतरेल असं मी म्हणणार नाही. रात्रीच्या गोळीचा असर होता, वर रात्रभर उपास, वर हे चूर्ण. तिघं एकत्र आले.

आणि यातली खरी भीती पुढं आहे. आजोबा जागे होते म्हणून घाम दिसला, जीभ अडखळली ते कळलं. पूर्ण भूल दिली असती तर? झोपलेला माणूस 'मला कसंतरी होतंय' असं सांगत नाही. साखर उतरल्याची निम्मी लक्षणं भुलीखाली झाकली जातात. तुम्ही घरी एखादं चूर्ण वर्षानुवर्षं घेता आणि काही होत नाही, ते खरं असतं. कारण घरी तुमचं शरीर जागं असतं. रक्तदाब उतरला तर ते सावरतं, तुम्ही बसून घेता, पाणी पिता. भुलीत ही सगळी सावरासावर आम्ही बंद करतो आणि तिचा ताबा आमच्या हातात घेतो. त्या ताब्यात कुणी न सांगता हात घातलेला असला की आमची गणितं चुकतात.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलंच आहे, आणि ते जुनं आहे. सर्पगंधा माहीत असेल. तिची मुळी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे, झोपेसाठी, वेड लागलेल्या माणसासाठी. मुंबईला के. ई. एम. हॉस्पिटलमध्ये डॉ. रुस्तम जाल वकील नावाचे हृदयरोगतज्ज्ञ होते. त्यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांना सर्पगंधा देऊन काळजीपूर्वक नोंदी ठेवल्या आणि १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये तो निबंध छापला. रक्तदाब खरोखर उतरत होता. जगाचे डोळे उघडले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीत त्या मुळीतून रेसर्पिन हे द्रव्य वेगळं काढलं गेलं. वकीलांना १९५७ मध्ये अमेरिकेतला मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. आपल्या मातीतल्या मुळीची ही कीर्ती, आणि ती नोंदी ठेवून मिळवलेली, नुसती पोथीत आहे म्हणून नाही.

आता गोष्टीचा दुसरा अर्धा भाग, जो आम्ही भूलवाले शिकतो. १९५० च्या दशकात हजारो लोक रेसर्पिन आणि सर्पगंधा घेऊ लागले. त्यांतल्या काहींची ऑपरेशनं व्हायची. आणि भूलतज्ज्ञांच्या लक्षात यायला लागलं की यांतल्या काही रुग्णांचा रक्तदाब भुलीखाली धाडकन खाली येतो आणि नेहमीच्या इंजेक्शनने वर येत नाही.

का येत नाही, हे समजून घ्या, कारण सगळा मुद्दा त्यात आहे. आपल्या नसांच्या टोकांशी नॉरअ‍ॅड्रिनॅलिन नावाचं रसायन साठवलेलं असतं. कणगीत धान्य असतं तसं. वेळ पडली की शरीर त्यातलं काढतं आणि रक्तदाब सांभाळतं. सर्पगंधा काय करते, ही कणगी हळूहळू रिकामी करते. म्हणून तर रक्तदाब उतरतो. आता भुलीत दाब खाली आला की आम्ही बऱ्याचदा एफिड्रिन देतो. एफिड्रिनचं मुख्य काम कणगीचं झाकण उघडायचं. पण कणगीच रिकामी! झाकण उघडून काय पडणार? अशा वेळी बाहेरून धान्य ओतणारं, म्हणजे थेट रक्तवाहिन्यांवर काम करणारं औषध द्यावं लागतं. ते आमच्याकडे असतं. त्याच ट्रेमध्ये, शेजारीच. फक्त ते आधी उचलायला हवं हे आम्हाला माहीत असायला पाहिजे. गंमत म्हणजे एफिड्रिनही मूळचं झुडपातलंच, चिनी लोक ज्याला माहुआंग म्हणतात त्यातलं. दोन झाडांची ही गाठ आहे आणि मधे पेशंट.

त्या काळी सल्ला निघाला की ऑपरेशनच्या दोन आठवडे आधी ही औषधं बंद करा, कारण कणगी भरायला तेवढे दिवस लागतात. पुढे अनुभव आला की अचानक बंद केल्याने रक्तदाब उसळण्याचा धोका असतो, आणि माहीत असेल तर औषध चालू ठेवूनही नीट भूल देता येते. म्हणजे सत्तर वर्षांपूर्वीच कळलं होतं की लपलेली सर्पगंधा जास्त धोक्याची असते. रेसर्पिनच्या गोळ्या आता क्वचित दिसतात. पण सर्पगंधा आजही रक्तदाबाच्या आणि झोपेच्या आयुर्वेदिक गोळ्यांमध्ये असते, आणि ती घेणारे कितीतरी लोक आम्हाला सांगत नाहीत.

आता रक्तस्रावाकडे येऊ. जखम झाली की रक्तातल्या प्लेटलेट्स म्हणजे बिंबिका एकमेकींना चिकटून भोक बुजवतात. लसणात, आल्यात, हळदीतल्या कुरकुमिनमध्ये, गुग्गुळात, परदेशातून येणाऱ्या जिंको नावाच्या गोळीत ही चिकटण्याची ताकद कमी करण्याचे गुण प्रयोगशाळेत दिसले आहेत. १९९० साली एका वैद्यकीय नियतकालिकात ८७ वर्षांच्या एका गृहस्थांची हकीकत आली. ऑपरेशन वगैरे काही नसताना मणक्याच्या पोकळीत रक्त साचलं, आणि डॉक्टरांनी त्याचा संबंध अतोनात लसूण खाण्याशी जोडला. २००१ मध्ये शिकागो विद्यापीठातल्या डॉक्टरांनी अमेरिकेत सर्रास खपणाऱ्या आठ वनस्पती घेऊन त्या ऑपरेशनच्या आधी किती दिवस बंद कराव्यात यावर लेख लिहिला, त्यात लसणासाठी सात दिवस सांगितले. सातच का? कारण बिंबिकेचं आयुष्य सात ते दहा दिवसांचं. बिघडलेल्या जाऊन नव्या यायला तेवढा वेळ लागतो.

पण इथं मला प्रामाणिक राहिलं पाहिजे. प्रयोगशाळेत दिसलं म्हणजे माणसात तेवढंच होतं असं नाही. एकटी लसणाची कॅप्सूल घेतली म्हणून पाठीत इंजेक्शन देऊन भूल देताच येणार नाही, असं आमचे नियमही म्हणत नाहीत. भीती बेरजेची आहे. हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन चालू, गुडघ्यासाठी वेदनाशामक चालू, वर लसणाची कॅप्सूल, वर हळदीची कॅप्सूल, वर मुलाने अमेरिकेहून पाठवलेलं माशाचं तेल. प्रत्येकाने थोडंथोडं केलं तरी पाच जण आहेत. आणि ज्वारीच्या भाकरीबरोबरची लसणाची चटणी वेगळी, कॅप्सूल वेगळी. कॅप्सूलमध्ये अर्क असतो, आटवून आटवून आणलेला. आमटीतल्या चिमूटभर हळदीला घाबरून कुणी फिक्कं जेवू नका.

उपाशीपोटाचं थोडक्यात सांगतो, कारण हे तुम्हाला आधी सांगितलेलं असतंच. घन पदार्थ आणि दूध सहा तास आधी बंद, तळलेलं-तुपाचं त्याहून आधी. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत, तेही डॉक्टरांनी परवानगी दिली तरच. भुलीत पोटातलं उलटून फुप्फुसात गेलं तर जीवावर बेततं. आता बघा, चूर्ण आपण कशाबरोबर घेतो? दुधाबरोबर, तुपाबरोबर, मधाबरोबर. 'काही खाल्लं का?' 'नाही.' अन् पोटात वाटीभर दूध. खोटं कुणी बोललेलं नसतं.

झोप आणणाऱ्या वनस्पती, म्हणजे अश्वगंधा, ब्राह्मी, तगर, जटामांसी, यांची भर भुलीच्या औषधात पडू शकते. जाग उशिरा येऊ शकते. अश्वगंधेने थायरॉइडचे आकडे हलल्याच्याही नोंदी आहेत. ज्येष्ठमध खोकल्याला चघळता ते ठीक. पण रोज भरपूर, महिनोन्‌महिने घेतलं तर रक्तदाब वाढतो आणि रक्तातलं पोटॅशियम उतरतं. पोटॅशियम उतरलेलं हृदय भुलीत बेताल होऊ शकतं.

आणि भांग. (हशा.) हसताय, पण महाशिवरात्रीला इथं केवढी यात्रा भरते हे तुम्ही मला सांगायची गरज नाही. भांगेने नाडी वाढते. रोज घेणाऱ्याला झोपवायला औषध जास्त लागतं, आणि नंतर दुखणंही जास्त जाणवतं. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या एका संघटनेने सांगितलं की ऑपरेशनला येणाऱ्या प्रत्येकाला याबद्दल विचारा. आम्ही विचारलं तर पोलिसांत सांगायला विचारत नाही. मिसरी, तंबाखू, गुटखाही सांगा. गुटख्याने तोंड उघडेनासं झालेल्या माणसाच्या घशात श्वासाची नळी घालणं किती अवघड असतं, ते एकदा बघाल तर पुडी टाकून द्याल.

आता गुळवेल. करोनात घराघरांच्या कुंपणावर ती चढली. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांना सहा रुग्ण मिळाले, यकृताला इजा झालेले, आणि सहाही जणांनी गुळवेल घेतलेली. २०२१ मध्ये त्यांनी ते छापलं. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की त्या रुग्णांनी नेमकी कुठली वेल खाल्ली हे तपासलेलं नाही. गुळवेलीसारखी दिसणारी दुसरीही वेल असते. पुढे देशभरातल्या इतर केंद्रांकडूनही तसे रुग्ण नोंदले गेले. वाद अजून आहे. मी भूलतज्ज्ञ म्हणून त्यातून एवढंच घेतो, की कुंपणावरून तोडलेल्या वेलीची ओळख सांगता येत नसेल तर तिचा भरवसाही देता येत नाही. यकृत बिघडलेलं असेल तर माझी निम्मी औषधं शरीरातून बाहेर पडायला वेळ लावतात. म्हणून गुळवेल घेत असाल तर ऑपरेशनच्या आधी यकृताची तपासणी करून घेतलेली बरी.

शेवटचा प्रकार मात्र मला सगळ्यात जास्त भीती घालतो, आणि त्यात वनस्पतीचा दोष नाही. गुडघेदुखीची, दम्याची पुडी. लेबल नाही, नाव नाही, बाजारात, यात्रेत, कुणाच्या तरी ओळखीने मिळते. दोन दिवसांत गुडघे चालायला लागतात. इतका झटपट गुण आला की माझ्या मनात शंका येते, कारण अशा पुड्यांमध्ये स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं. बाहेरून स्टिरॉइड रोज मिळालं की मूत्रपिंडावर बसलेली अ‍ॅड्रिनल ग्रंथी स्वतःचं काम थांबवते. नोकर ठेवला की घरधनी आळशी होतो, तसं. ऑपरेशन हा शरीरावरचा मोठा ताण. त्या वेळी ग्रंथीने जोर लावायचा असतो आणि ती झोपलेली असते. रक्तदाब कोसळतो. आणि अशा माणसाने 'डॉक्टरांनी सगळं बंद करा म्हटलं' म्हणून पुडी एकदम बंद केली तर धोका आणखी वाढतो! म्हणून सरसकट 'सगळं बंद करा' हा सल्ला मी देत नाही. चेहरा गोल सुजल्यासारखा झालाय, कातडी पातळ झालीय, जरा लागलं की काळंनिळं पडतं, अशी खूण दिसली आणि पुडी चालू असली तर ती पुडीच घेऊन या.

मग करायचं काय? ठरवून होणारं ऑपरेशन असेल तर दोन-तीन आठवडे आधीच भुलीची तपासणी करून घ्या, घाटीत जा नाहीतर खाजगीत जा. सामान्य नियम दोन आठवडे आधी या गोष्टी थांबवायचा आहे, पण कुठली थांबवायची आणि कुठली हळूहळू कमी करायची, हे विचारून. सगळं एका पिशवीत भरून आणा: डबे, बाटल्या, पुड्या, प्रोटीन पावडर, वजन कमी करायचा चहा. वाचायचं काम आमचं. आणि ऑपरेशननंतर पुन्हा कधी सुरू करायचं तेही विचारा. मूत्रपिंड बदललेल्या माणसाने तर 'प्रतिकारशक्ती वाढवणारं' काहीही मनाने घेऊ नये. आम्ही तिथं प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवलेली असते. २००० साली झुरिकमध्ये हृदय बदललेल्या दोन रुग्णांनी उदासीवरची सेंट जॉन्स वर्ट नावाची वनस्पती घेतली, मूळ औषधाची रक्तातली पातळी उतरली आणि शरीर नवं हृदय नाकारायला लागलं.

आता प्रश्न घेऊ.

एक श्रोते : अपघात झाला, रात्रीतून ऑपरेशन, तर दोन आठवडे कुठून आणायचे?

नाहीत आणता येत. मग थांबायचं नाही, सांगायचं. सर्पगंधेचं उदाहरण म्हणूनच दिलं. पेशंट बोलू शकत नसेल तर घरच्यांनी सांगायचं. सुनेला, मुलीला, जी कुणी काढा उकळते तिला, माहीत असतं.

एक ज्येष्ठ वैद्य : शस्त्रकर्म आमच्याच सुश्रुताचं. मग आमचीच औषधं अडथळा कशी?

वैद्यराज, तुमचा मान राखून सांगतो. सुश्रुताने शस्त्रकर्माआधी रुग्णाला जेवू घाला म्हटलंय, आणि वेदना न सोसणाऱ्याला तीक्ष्ण मद्य पाजा म्हटलंय. आज मी असं केलं तर तुम्हीच मला धराल. पण त्याच सुश्रुताने पोटाचं, मूळव्याधीचं, मुतखड्याचं, तोंडाचं शस्त्रकर्म उपाशीपोटी करा असंही सांगितलंय. म्हणजे आधी काय पोटात आहे याचा विचार त्याने केला होता. माझी तुम्हाला विनंती एवढीच, की तुम्ही देता त्या औषधाचं नाव आणि मात्रा चिठ्ठीवर लिहून द्या. 'वातावरचं चूर्ण' असं लिहिलेलं असलं की मला त्यातून काही उमगत नाही.

एक आजी : बाळंतपण सिझरचं झालं तर डिंकाचे लाडू, अळीव द्यायचे का नाही?

द्या की! पोट चालू झालं, जेवण सुरू झालं, की द्या. ते अन्न आहे. तिला रक्त पातळ करायची इंजेक्शनं चालू असतील तर मात्र लसणाच्या, हळदीच्या कॅप्सूल मनाने देऊ नका.

एक ताई : आम्ही सांगितलं तर डॉक्टर ओरडतात, 'कशाला घेता हे?' म्हणून आई सांगतच नाही.

हे खरं आहे, ताई, आणि तो आमचा दोष आहे. ओरडलेला पेशंट पुढच्या वेळी गप्प बसतो आणि मग आम्हालाच टेबलावर निस्तरावं लागतं. तुम्ही असं करा, कागदावर लिहून द्या: काय, किती, किती दिवसांपासून, शेवटचं कधी घेतलं. तो कागद केसपेपरला लावायला सांगा. तोंडी सांगितलेलं धावपळीत विसरलं जातं, कागद थिएटरपर्यंत येतो. आणि कागद सर्जनलाच दिला असेल तर भूल देणाऱ्याला वेगळं विचारा, 'तुम्ही तो बघितला का?' आम्ही दोघं वेगळे असतो, हे पुष्कळांना माहीत नसतं.